‘कृत्रिम बुद्धिमत्तेने आराखडा आखला’: यातला ‘ने’ कोणाचा?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘शहरांच्या नव्या आराखड्यांबद्दल वाचताना “कृत्रिम बुद्धिमत्तेने शहराचा आराखडा आखला” अशी वाक्यं हल्ली भेटतात. ती व्याकरणात बसतात का? “ने”ऐवजी “द्वारे”, “मार्फत” किंवा “च्या साहाय्याने” लिहावं का? भविष्यातील शहर म्हणावं की भावी शहर? आणि “डेटा”ला “विदा” म्हणायचं तर तो विदा की ती विदा?’

वाक्य व्याकरणात बसतं. तरीही मी ते लिहिणार नाही, आणि कोणी लिहिलं तर बदलायला सांगेन. त्यातला ‘ने’ दोन वेगळी नाती दाखवू शकतो आणि इथे नेमकं कोणतं नातं आहे, ते वाचणाऱ्याला कळत नाही.

‘सुताराने दार बसवलं’ यात ‘ने’ कर्त्याला लागला आहे. ‘पटाशीने खाच पाडली’ यात तो साधनाला, म्हणजे करणाला लागला आहे. रूप एक, नातं वेगळं. संस्कृतातही असंच आहे. पाणिनीचं सूत्र आहे ‘कर्तृकरणयोस्तृतीया’: कर्ता आणि करण, दोघांनाही तृतीया. मात्र विभक्ती एक दिली म्हणून त्याने दोघांना एक मानलं नाही. ‘स्वतन्त्रः कर्ता’ ही कर्त्याची व्याख्या, ‘साधकतमं करणम्’ ही करणाची. जो स्वतंत्र आहे तो कर्ता, आणि काम तडीस न्यायला ज्याचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो ते करण.

पटाशीच्या बाबतीत कोणाचा गोंधळ होत नाही. ती आपणहून काही करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल ही खात्री कोणी धरत नाही. नावात बुद्धिमत्ता आहे, विचारलं की उत्तर येतं, रस्त्यांचे चार पर्याय मागितले तर चार येतात. त्यामुळे ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने आखला’ वाचलं की तो ‘ने’ कर्त्याचाच वाटतो, आणि आराखड्यामागची माणसं वाक्यातून नाहीशी होतात.

वाचक कोकणातले आहेत, म्हणून त्यांच्या कानावर असलेलीच एक गोष्ट सांगतो. प्रमाण मराठीत ‘तू काम केलंस’, ‘तुम्ही आंबा खाल्लात’ यांमध्ये क्रियापदाच्या शेवटी कर्त्याची खूण येते. तिसऱ्या पुरुषात ती नसते: ‘त्याने काम केलं’. रत्नागिरीकडच्या बोलीत मात्र ती तिथेही असते. ‘त्याने काम केलंन’, ‘तिने भाकरी खाल्लीन’, ‘त्यांनी आंबा खाल्लानी’. मालवणीत ‘तेना सांगल्यान’. लिंग-वचन कर्माचं, आणि वर कर्त्यासाठी वेगळा ‘न’. शाळेत ही रूपं अशुद्ध म्हणून खोडली गेली. माझ्या मते प्रमाण भाषेत जे निसटतं तेच ती पकडून ठेवतात.

‘गड्याने कोयत्याने झावळी तोडलीन’ हे वाक्य पाहा. दोन ‘ने’ शेजारी-शेजारी आहेत, पण ‘तोडलीन’मधला ‘न’ गड्याचा आहे. कोयत्याशी त्याचा काही संबंध नाही. गड्याचं नाव गाळून नुसतं ‘कोयत्याने झावळी तोडलीन’ म्हटलं, तरी ऐकणाऱ्याला तोडणारा कोणी माणूस आहे हे समजतं, आणि ‘कोणी?’ असं तो विचारतो. वाचकाने आपलं वाक्य घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोर याच बोलीत म्हणून पाहावं: ‘एआयने आराखडा आखलान.’ हा ‘न’ एआयला लावावासा वाटतो का? मला वाटत नाही, कारण ते खरं नाही.

खरं काय आहे, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, नाहीतर ही चर्चा नुसत्या प्रत्ययांची होईल.

आपल्याकडे शहराचा विकास आराखडा ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966’ प्रमाणे होतो. नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक ठिकाणी नगरपरिषद किंवा महानगरपालिका, आधी आराखडा करण्याचा ‘इरादा’ जाहीर करते. हा कायद्यातलाच शब्द आहे. मग जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा होतो, प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते आणि शेवटी शासन मंजुरी देतं. या प्रत्येक क्रियेला कायद्याने कर्ता नेमून दिलेला आहे. संगणकाची मदत जवळजवळ प्रत्येक पायरीवर घेता येते: ड्रोनने टिपलेल्या चित्रांतून घरं ओळखणं, वाहनांच्या नोंदींवरून उद्याच्या गर्दीचा अंदाज बांधणं, पावसाच्या आकड्यांवरून पाणी कुठवर चढेल ते काढणं, एका भूखंडावर शाळा आणि बाजार मांडायचे दहा पर्याय तयार करणं. पण यातलं काहीच ‘इरादा’ नाही, ‘हरकत’ नाही आणि ‘मंजुरी’ही नाही.

याच किनाऱ्यावरचं उदाहरण घेऊ. मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा यंत्रणा जून 2020 मध्ये सुरू झाली. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने ती महानगरपालिकेच्या सहकार्याने उभारली. पावसाचा अंदाज, पर्जन्यमापकांच्या नोंदी, जमिनीची उंची, नाले आणि समुद्राची भरती एकत्र धरून कोणत्या भागात किती पाणी साचेल, हे ती आधी सांगते. तिचे सात भाग आहेत, आणि त्यांतल्या एकाचं नाव आहे निर्णय-साहाय्य प्रणाली. उभारणाऱ्यांनीच ‘साहाय्य’ शब्द निवडला आहे. बातमी लिहिताना आपण तो का गाळावा?

चिपळूणसारख्या गावात हा प्रश्न थेट घरापर्यंत येतो. वाशिष्ठीला सह्याद्रीवरच्या पावसाचं पाणी येतं, कोयना प्रकल्पात वीज करून झाल्यावर कोळकेवाडीकडून सुटलेलं पाणी येतं, आणि खाडीतून भरती वर चढते ती वेगळीच. 22 जुलै 2021 चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे कोणी समजावून सांगायला नको. अशा नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात ते नियंत्रित. (‘100 वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. त्याचा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता एवढाच. एकदा येऊन गेला म्हणजे शंभर वर्षं निवांत, असं नाही.) आता ही रेषा कोणाच्या पडवीतून गेली, आणि वर्तमानपत्रात आलं ‘संगणकीय मॉडेलने पूररेषा निश्चित केली’, तर त्या माणसाने काय समजायचं? भरतीची पातळी हिशेबात धरली होती की नाही, नदीपात्रातला गाळ मोजला होता की नाही, हे त्याला विचारता आलं पाहिजे. त्यासाठी वाक्यात माणसाचं किंवा कार्यालयाचं नाव हवं.

म्हणून पर्यायांबद्दल माझं मत असं. ‘मार्फत’ आणि ‘करवी’ नकोत. ते माणसासाठी किंवा संस्थेसाठी वापरायचे: शिपायाकरवी निरोप, तलाठ्यामार्फत अर्ज. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेमार्फत’ म्हटलं की तिचं कार्यालय होतं. ‘द्वारे’ चालेल, पण तो सरकारी पत्रांत इतका घासला गेला आहे की त्याच्या जोडीने ‘करण्यात येत आहे’ आपोआप येतं आणि कर्ता पुन्हा गायब होतो. ‘च्या साहाय्याने’ चांगलं आहे. (‘सहाय्य’ नव्हे, ‘साहाय्य’.) सगळ्यांत चांगलं ‘वापरून’. मराठीत ‘ऊन’ लावलेल्या क्रियेचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता साधारणपणे एकच असतो. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून’ असं लिहिलं की वाक्य पुढे विचारतंच, वापरून कोणी काय केलं? ‘नगरपरिषदेने पावसाच्या आणि भरतीच्या नोंदी तपासून, कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून, प्रारूप आराखडा तयार केला.’ वाक्य लांब झालं, पण हरकत कुठे नोंदवायची ते त्यातूनच कळतं.

आता ‘डेटा’कडे वळतो. वरच्या वाक्यात मी मुद्दाम ‘नोंदी’ लिहिलं. लोकांसाठीच्या मजकुरात जिथे जमेल तिथे हाच शब्द वापरावा, असं मला वाटतं. नोंद म्हटलं की ती कोणीतरी केलेली असते. ‘आधारसामग्री’ हा परिभाषेतला शब्द अचूक आहे, पण जिभेवर बसला नाही. ‘माहिती’ हा नोंदींना अर्थ लावल्यानंतरचा टप्पा आहे, म्हणून दोन्ही शब्द हवेत. ‘विदा’ हा ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूवरचा, आणि डेटा म्हणजे तर अजून न जाणलेली कच्ची चीज, अशी तक्रार मी ऐकली आहे. तक्रारीत तथ्य आहे, पण शब्द रुळले की धातू मागे पडतो. खरं तर लॅटिन ‘डेटम’चा अर्थ ‘दिलेलं’. आपला ‘दत्त’ त्याचा सख्खा नातेवाईक आहे, मूळ धातू एकच. मराठीत ‘दत्त’ म्हटलं की गुरुचरित्र आठवतं, म्हणून तो शब्द इथे चालणार नाही, पण ‘दिलेलं’ हा अर्थ मनात ठेवावा असा आहे.

कारण नोंद खरोखरच कोणीतरी दिलेली असते. 24 एप्रिल 2020 ला जाहीर झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणातल्या घरांची मोजणी ड्रोनने होते. ड्रोन उडण्याआधी घराघराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात, आणि वरून घेतलेल्या चित्रात ती पांढरी रेघच हद्द म्हणून दिसते. म्हणजे विदेची सुरुवात चुना धरलेल्या हाताने होते. कोकणात माडा-पोफळीच्या सावलीखाली कौल आणि गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) दोन्ही झाकले जातात. तिथे वरचं चित्र अपुरं पडतं आणि जमिनीवरून मोजावं लागतं.

नोंदीला जो शब्द लावला जातो, तो तर याहून महत्त्वाचा. यंत्राला जमीन ओळखायला शिकवतात तेव्हा हजारो चित्रांवर आधी नावं लिहिलेली असतात: शेती, जंगल, वस्ती, पडीक. ही नावं माणसांनी ठरवलेली असतात आणि यंत्र तीच परत देतं. आपला सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार घ्या. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, उपग्रहाच्या वर्गवारीत ओसाड खडक. प्रत्यक्षात पावसाळ्यात तिथे गवत आणि रानफुलं येतात, गुरं चरतात, कातळातून झिरपलेलं पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीला मिळतं. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी इथल्या सड्यांवरची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. ‘सडा’ हा शब्द यादीत नसेल, तर नव्या शहरासाठी मोकळी जागा शोधणाऱ्या यंत्राला तिथे नुसती मोकळी जागा दिसेल. तीच गोष्ट खाजणाची. उधाणाचं पाणी जिथे पसरतं आणि बांध घालून जिथे खारं पाणी अडवतात, त्या जमिनीला ‘दलदल’ म्हटलं की ती भराव घालायला योग्य ठरते. सडा, खाजण, वहाळ (ओढा), पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), पुळण (वाळूचा किनारा) हे शब्द कथा-कवितांपुरते नाहीत, ते आराखड्याच्या नकाशावर सूचीसह यायला हवेत. कोकणात नगररचनेचं काम करणाऱ्या कोणी हे वाचलं, तर त्यांनी एवढं करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘भविष्यातील’ की ‘भावी’? दोन्ही शुद्ध, पण अर्थ एक नाही. ‘भावी’ म्हणजे अजून जे झालेलं नाही ते: भावी जावई आज जावई नसतो. 1970 मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी संस्था स्थापन झाली, तेव्हा नवी मुंबई हे भावी शहर होतं, कारण त्या जागी गावं, शेती आणि मिठागरं होती. ठाणे किंवा रत्नागिरी ही आजची शहरं आहेत. वीस वर्षांनंतरचं त्यांचं रूप सांगायचं तर ‘भविष्यातील रत्नागिरी’. एखाद्या गावाला ‘भावी शहर’ म्हणण्यात शहर होण्याचा निर्णय गृहीत धरलेला असतो, तेव्हा तो शब्द जपून वापरावा.

राहिलं लिंग. लिहिणारे दोन्ही प्रकारे लिहितात. पुल्लिंगी मानून ‘डबा-डब्याचा’ या चालीवर गेलं तर ‘विद्याचा’ होतं आणि ते ‘विद्या’शी भांडतं. ‘डेटाचा’प्रमाणे न बदलता ‘विदाचा’ म्हणता येतं, पण तो परक्या शब्दांचा रिवाज आहे. संस्कृतात ‘विदा’ स्त्रीलिंगीच आहे आणि मराठीत ‘शाळा-शाळेचा’ हा रस्ता मोकळा आहे. म्हणून मी ‘ती विदा’ लिहितो: विदा गोळा केली, विदेचा स्रोत, विदेवरून काढलेला अंदाज, विदासंच. अनेकवचनाची गरज सहसा पडत नाही. पडलीच तर ‘नोंदी’ आहेतच.