‘नियंत्रण’ कोणाचं आणि कोणावर?

प्रश्न असा आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिनियमांत वारंवार येणाऱ्या ‘ह्यूमन ओव्हरसाइट’ला मराठीत ‘मानवी देखरेख’ म्हणावं की ‘मानवी नियंत्रण’?

त्याआधी एक तक्रार. ‘एआय-नियंत्रण नियमावली’ असं लिहिणं कृपा करून थांबवा. हा समास दोन्ही बाजूंनी सुटतो: एआयवरचं नियंत्रण आणि एआयनं चालवलेलं नियंत्रण. कोणी कोणाला आवरायचं हे ठरवण्यासाठी नियमांचा सगळा खटाटोप, आणि नेमकं तेच मथळ्यात कळत नाही! ‘एआयवरील नियंत्रण’ लिहायला किती शाई जास्त लागते?

देखरेख, निगराणी, पर्यवेक्षण यांचे अर्थ सांगत बसत नाही, ते कोशात आहेत. गंमत आहे ती ‘नियंत्रण’मध्ये. त्याच्या पोटातलं ‘यंत्र’ सगळ्यांना दिसतं, पण बहुतेकांना वाटतं की यंत्र आधी आलं आणि ते आवरायची वेळ नंतर आली. प्रत्यक्षात यंत्र हेच आवरण्याचं साधन. ‘यम्’ हा संस्कृत धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ; त्याचा अर्थ धरून ठेवणं, लगाम घालणं. त्याला साधनवाचक ‘त्र’ लागला की झालं ‘यंत्र’. ‘पा’पासून पात्र, ‘नी’पासून नेत्र होतं तसंच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (सूक्त १४९) सविता, म्हणजे सूर्यदेव, पृथ्वीला ‘यन्त्रैः’ (यंत्रांनी) स्थिर करतो. तिथे चाकं-दांडे नाहीत, बंध आहेत. नियम आणि संयम हेही याच ‘यम्’चे. म्हणजे ‘यंत्राच्या नियंत्रणाचे नियम’ म्हणताना आपण एकच धातू तीनदा उच्चारतो.

इथे धातुपाठवाले, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी प्रमाण मानणारे, ‘यत्रि संकोचे’ (संकोच या अर्थी ‘यत्रि’ धातू) ही तिच्यातली नोंद पुढे करतील: यंत्र त्या धातूपासून, ‘यम्’चा संबंध नाही. मला हे साफ उलटं वाटतं. आधी नाम रुळलं, मग त्याच्यासाठी धातू नोंदवला गेला. शस्त्र, वस्त्र, पात्र, नेत्र अशी ‘त्र’ची एवढी भावंडं समोर उभी असताना एकट्या यंत्रालाच वेगळं कूळ कशासाठी हवं? आणि संकोच म्हणजे तरी काय, आवळणंच ना!

याहून सुंदर दाखला सुश्रुताचा आहे. तो शल्यकर्माची १०१ यंत्रं मोजतो, त्यांत चिमटे, नळ्या, सळया असं सगळं येतं, आणि त्यातलं प्रधान यंत्र म्हणून हाताचं नाव घेतो. कारणही देतो: हाताशिवाय बाकीची यंत्रं चालतच नाहीत, त्यांचं काम हाताच्या अधीन. एआयच्या आजच्या नियमावल्यांतली पानंच्या पानं याहून वेगळं काही सांगत नाहीत.

इंग्रजी ‘कंट्रोल’चं कूळ मात्र निराळं. ते निघतं हिशेबाच्या दुसऱ्या प्रतीपासून, ताळा पाहायला ठेवलेल्या गुंडाळीपासून. त्यांचा शब्द मुळात तपासतो, आपला धरतो. म्हणूनच ‘कंट्रोल’ दिसला की डोळे मिटून ‘नियंत्रण’ लिहू नये.

हां, प्रश्न. युरोपीय संघाच्या २०२४च्या एआय कायद्याचं चौदावं कलम बघा. जास्त जोखमीच्या प्रणालीवर नेमलेल्या माणसाला तिच्या मर्यादा समजल्या पाहिजेत, यंत्र म्हणतं तेच खरं मानण्याची खोड ओळखता आली पाहिजे, तिचा निकाल बाजूला सारता आला पाहिजे आणि गरज पडली तर ती थांबवताही आली पाहिजे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी देखरेखीत बसतात. उरलेल्या दोन बसत नाहीत, कारण देखरेख करणारा नुसता बघतही राहू शकतो. तेव्हा कलमाच्या नावापुरतं ‘देखरेख’ ठेवा, पण थांबवण्याचा अधिकार जिथे येतो तिथे ‘नियंत्रण’च लिहा. ‘पर्यवेक्षण’ नको, त्यातून परीक्षेच्या वर्गात येरझारा घालणारे गुरुजीच डोळ्यांसमोर येतात.

राहता राहिला तो माणूस. त्याला काय म्हणायचं? ‘नियंता’ व्याकरणात चपखल बसतो, पण ते पद जगन्नियंत्यानं कधीच अडवून ठेवलंय. माझं मत जुन्या ‘यंता’ला. घोडे किंवा हत्ती हाकणारा तो यंता. शब्द मेलेला आहे म्हणणाऱ्यांनी ‘अभियंता’ फोडून पाहावा. एआय घडवणाऱ्यांच्या पदनामातच आवरणारा बसलेला आहे.