तिसऱ्या भागाबद्दल

प्रिय,

तुझ्या मालिकेचे भाग वाचले. माणसं खरी वाटतात आणि ग्रामीण रुग्णालयातली ओपीडी तर तू डोळ्यांपुढे उभी केली आहेस. माझी हरकत तिसऱ्या भागाला आहे. तिथे बाळंतीण दगावते, कारण डॉक्टर दारू पिऊन आलेला असतो. दोष कुणाचा हे पहिल्याच सीनला ठरून जातं. मग बघणाऱ्याला चिडण्यापलीकडे काही कामच उरत नाही.

पुन्हा लिहायला बसण्याआधी 'ईआर' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या पर्वातला 'लव्ह्ज लेबर लॉस्ट' हा भाग बघ. ९ मार्च १९९५ रोजी तो एनबीसी वाहिनीवर दाखवला गेला. लेखनासाठी लान्स जेंटाइल आणि दिग्दर्शनासाठी मिमी लेडर, दोघांनाही एमी पुरस्कार मिळाले.

शिकागोतलं काउंटी जनरल हे काल्पनिक रुग्णालय. दिवस भरत आलेली जोडी ओब्रायन नवऱ्याबरोबर इमर्जन्सीत येते. सारखी लघवीला होते, एवढीच तक्रार. डॉ. मार्क ग्रीन मूत्रमार्गाचा संसर्ग म्हणून औषध देऊन तिला घरी पाठवतो आणि निघता निघताच तिला झटके येतात. एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके. ते आवरायला मॅग्नेशियम सल्फेट हे औषध सुरू होतं. प्रसूतितज्ज्ञ वरच्या मजल्यावर अडकलेली असते, म्हणून ग्रीन बाळंतपण स्वतःच हातात घेतो. डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. शेवटी डोकं परत आत ढकलून तिथेच सिझेरियन करावं लागतं. बाळ वाचतं. आई रक्तस्रावाने जाते.

आता एकेका वळणावर थांबून स्वतःला विचार, त्याच्या जागी मी काय केलं असतं? भरल्या दिवसांत सारखी लघवीला होणं कुणालाही विशेष वाटत नाही. लघवीतली प्रथिनं हे एक्लॅम्पसियाच्या आधीच्या अवस्थेचं लक्षण, पण संसर्गातही ती दिसू शकतात. प्रसूतितज्ज्ञ येईपर्यंत थांबायचं की आपण करायचं, यातही त्याचा निर्णय त्या घडीला पटतो. ग्रीन हा तिथला सगळ्यांत भरवशाचा डॉक्टर आहे, पेशंटशी प्रेमाने बोलणारा. आपण प्रत्येक पायरीला त्याच्या बाजूने असतो, आणि म्हणून शेवटी आपणही त्याच्याबरोबर अडकतो. उशिरा आलेली प्रसूतितज्ज्ञ डॉ. कोबर्न त्याच्यावर भडकते. आपल्याला तिचा राग येतो, पण ती बोलते ते खरं असतं. भागात खलनायक कुठेच नाही! तुझ्या तिसऱ्या भागात मला हेच हवं आहे: प्रत्येक निर्णय त्या क्षणी योग्य वाटावा आणि तरी बाई हातातून जावी.

जेंटाइल स्वतः इमर्जन्सीतले डॉक्टर होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तू डॉक्टर नाहीस, त्याने बिघडत नाही. एखाद्या अनुभवी डॉक्टरांपाशी निवांत बस. आजारांची नावं आणि यंत्रांची माहिती विचारत बसू नकोस, ती कुठेही मिळेल. 'तुम्हाला कशामुळे चकवा बसला असता? सिनियरला फोन कुठल्या क्षणी केला असता?' हे विचार. सीन तिथून मिळतील.

आणखी एक. त्या भागात प्रेक्षकाला समजावून सांगायला कुणी थांबत नाही. खांदा अडकल्यावर हातात मिनिटंच उरतात, हे आपल्याला हातांच्या घाईवरून आणि चढलेल्या आवाजांवरून कळतं. नवऱ्याला बातमी दिली जाते ती काचेपलीकडे. शब्द ऐकू येत नाहीत. तुझ्याकडे याच जागी दीड पानाचा संवाद आहे. तो काढ. 'पुढचे चोवीस तास महत्त्वाचे आहेत' हे वाक्यही काढ, आपल्या मालिकांनी ते पार झिजवलं आहे.

शिकागोची नक्कल मात्र करू नकोस. तुझ्या तालुक्याच्या गावी वरचा मजलाच नाही. हा भाग दाखवला गेला त्याच वर्षी, १९९५च्या जूनमध्ये, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती. भारतही त्यात सहभागी होता. एक्लॅम्पसियाचे झटके पुन्हा येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट इतर औषधांपेक्षा सरस आहे, हे तिने दाखवून दिलं. आज झटके आलेल्या बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी त्याचा पहिला डोस द्यायचा असतो. तुझ्या डॉक्टरकडे तो आहे. डोस देऊन १०८मधून जिल्ह्याला पाठवायची, की वाटेतच बाळंत होईल म्हणून इथेच थांबवायची? रस्ता दूरचा, इथे रक्तपेढी नाही, भूलतज्ज्ञ नाही. डॉक्टर शुद्धीवर असू दे, हुशार असू दे, बाईवर त्याचा जीव असू दे. दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं त्या खोलीत ठेव. नर्सचं अनुभवाचं मत आणि सासूची घाई, दोन्हींत तथ्य असू दे.

संवाद इतक्यात लिहू नकोस. आधी नुसती वनलाइन, म्हणजे सीनवार थोडक्यात गोष्ट, पाठव, प्रत्येक वळणावर त्या डॉक्टरला काय माहीत होतं आणि काय नव्हतं ते बाजूला लिहून.

तुझी,
ताई