आर्क्टिकमधील निर्जन नदीखोऱ्याचा स्थलनिर्देशक नकाशा कसा तयार होतो?

अलास्कातील नोआटक नदीचे उदाहरण घेऊ. ब्रूक्स पर्वतरांगेत उगम पावणाऱ्या या नदीच्या खोऱ्यात रस्ते जवळजवळ नाहीत. 1911 मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या फिलिप स्मिथ यांच्या तुकडीने होड्यांतून प्रवास करत तिची पाहणी केली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यात हवाई छायाचित्रांच्या जोड्यांवरून समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढून 1:63,360 प्रमाणाचे, म्हणजे एका इंचास एक मैल दाखवणारे नकाशे तयार झाले (आपल्याकडील जुन्या टोपोशीटचेही हेच प्रमाण होते).

खरी अडचण ढगांची आणि बर्फाची असते, कारण स्वच्छ छायाचित्रणासाठी उन्हाळ्याचे मोजकेच दिवस मिळतात. म्हणूनच 2010 नंतर विमानातून रडार लहरी सोडून, दोन अँटेनांकडे परतलेल्या लहरींच्या कलाफरकावरून, म्हणजे त्यांच्या चढउतारांतील सूक्ष्म तफावतीवरून, उंची काढण्याची पद्धत तेथे वापरली गेली. रडारला ढग अडवत नाहीत आणि दर 5 मीटरवर उंचीचा बिंदू मिळतो. त्यावर आधारलेले नवे नकाशे 1:25,000 प्रमाणाचे आहेत.

तरीही नदीपात्राबाबत मी नकाशावर पूर्ण विसंबणार नाही, कारण गाळाने भरलेल्या, अनेक फाट्यांत विभागलेल्या पात्राची वाट एका पुरातही बदलू शकते.