दिवसा मोकळ्या, रात्री कडीकुलपात

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते. बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी बैठं घर, मागे गुंठाभर परसू, सहा गावरान कोंबड्या. पंधरा दिवसांत दोन गेल्या. पहिली भरदुपारी गेली, कुंपणापाशी नुसती पिसं मिळाली. दुसरी रात्री खुराड्यातच मेली, डोकं नाही आणि बाकीचं धड जागच्या जागी. घरातले म्हणतायत की मोकळं सोडणं बंद करा, नाहीतर सरळ विकून टाका.

विकू नका आणि सोडणंही बंद करू नका. खुराडं बदला. दिवसाची आणि रात्रीची अशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा एकत्र विचार केला की माणूस चुकीच्या जागी पैसे घालतो.

दिवसा मोकळ्या कोंबडीवर कोणी झडप घातली तर एक जाते. बाकीच्या कलकलाट करतात, पळतात, झुडपात घुसतात. रात्री कोणी खुराड्यात शिरलं तर सगळ्या जातात. अंधारात कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही, ती दांडीवरून हलत नाही आणि हलली तरी जाणार कुठे? आत शिरलेलं जनावर पोट भरल्यावर थांबत नाही. समोर फडफडतंय तोवर ते मारत राहतं. मी ओवळ्याला राहते, घोडबंदर रोडच्या आत, पाठीमागे जंगलच आहे. माझ्याकडे चौदा वर्षं कोंबड्या आहेत. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, ऐन श्रावणात, एका रात्रीत अकरातल्या नऊ गेल्या. खाल्लेली एकच होती. वेल्डरने करून दिलेल्या पिंजऱ्याच्या दाराखाली तीन बोटं फट होती. मी ती रोज बघत होते आणि पाऊस थांबला की पट्टी लावू म्हणून थांबले होते. सकाळी चिखलात मांजराच्या पावलाहून थोडे मोठे, पाच बोटांचे ठसे होते. मांजराच्या ठशात चार बोटं उमटतात. ते उदमांजर होतं. तीन बोटांच्या फटीतून एवढं जनावर कसं शिरलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. डोकं गेलं की अंग जातं, हे मी त्या दिवशी शिकले.

तुमच्या दुसऱ्या कोंबडीचं काय झालं असेल, ते तुमच्याच वर्णनात आहे. डोकं नाही, धड तसंच, कडी लागलेली. म्हणजे आत कोणी आलंच नाही. कोंबडी जाळीला टेकून झोपली होती आणि बाहेरून कोणीतरी, मांजर किंवा उदमांजर, पंजा घालून तिची मान ओढली. तुमची जाळी सहाकोनी भोकांची असणार, ती पातळ तारेची, जी सगळे 'चिकन मेश' म्हणून घेतात. ती कोंबडीला आत ठेवण्यापुरती असते. कोणाला बाहेर ठेवायला ती उपयोगाची नाही. तिची तार कुत्रा दाताने तोडतो आणि आमच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत ती गंजून हाताने तुटायला लागते.

हार्डवेअरच्या दुकानात वेल्डमेश मागा. चौकोनी भोक, अर्धा इंच, जीआय म्हणजे जस्त चढवलेली, आणि तार अशी की दोन बोटांनी वाकवता येऊ नये. एक इंची स्वस्त पडते, दुकानदार तीच पुढे करेल. तिच्यातून पंजा जातो, उंदीर जातो, बारीक साप जातो. अर्ध्या इंचात यातलं जवळपास काही येत नाही. जाळी नुसते खिळे ठोकून बसवू नका. वर लाकडाची किंवा पत्र्याची पट्टी ठेवून वायसर घालून स्क्रूने आवळा. कुत्रा ढकलत नाही, तो कोपरा दातात धरून ओढतो आणि खिळे पटापट सुटतात.

आता तळ. लोक भिंतीवर खर्च करतात आणि जमीन उघडी ठेवतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात घूस कुठे नाही ते सांगा. गटार, नाला, जुनी गावठाणं, सगळीकडे तिची बिळं. घूस अंडी नेते, पिल्लं नेते आणि तिने केलेल्या बिळातून पुढे दुसरं कोणी येतं. म्हणून खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, लोखंडी पायांवर करा. तळालाही तीच अर्धा इंची जाळी लावा, वर फळ्या टाका. खाली जागा मोकळी राहिली की झाडता येतं आणि कोण येऊन गेलं तेही दिसतं. जमिनीवरच करायचं असेल तर कोबा घाला, आणि बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरून वर माती टाका. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं. तिथे जाळी लागली की ते सोडून देतं. दीड फूट मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही.

सहा कोंबड्यांना नुसत्या रात्रीसाठी चार बाय तीन फूट पुरतं. दांडी चार फुटांची, दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेली. आणि ती जाळीपासून निदान फूटभर आत. तुमच्या बाबतीत एवढं एक केलेलं असतं तरी ती कोंबडी वाचली असती. जमलं तर दांडीच्या उंचीवर जाळीऐवजी फळी किंवा पत्रा लावा, म्हणजे बाहेरून त्या दिसणारच नाहीत. हवेसाठी जाळी त्यांच्या डोक्याच्या वर, छपराला लागून, समोरासमोर दोन बाजूंना ठेवा. पावसाळ्यात झड आत येते म्हणून लोक ताडपत्रीने सगळं गुंडाळतात. तसं करू नका. विष्ठेचा अमोनिया आत कोंडतो आणि आठ दिवसांत नाकं गळायला लागतात. छप्पर चारी बाजूंनी फूटभर पुढे काढा. पत्र्यावर मे महिन्यात नारळाच्या झावळ्या टाका, आत फार तापतं.

दाराला साधी खिट्टी पुरणार नाही. खिट्टी हलून सरकते, मांजर खेळता खेळता उघडतं, आणि आमच्याकडे माकडं आहेत. कडी-कोयंडा लावा आणि त्यात कुलूप. कुलूप म्हटल्यावर तुम्हाला जास्त वाटेल, पण गटारीच्या आधीच्या आठवड्यात गावरान कोंबडीचा भाव काय होतो ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या आळीतून त्या आठवड्यात दोन घरच्या कोंबड्या खुराड्यासकट गेल्या आहेत.

पण एवढं भक्कम केलं तरी दार लावायला माणूस वेळेवर हवा. जूनच्या शेवटी इथे सूर्य सव्वासातनंतर मावळतो, नोव्हेंबरच्या अखेरीला सहाच्या सुमारास. म्हणजे सव्वा तासाचा फरक. घड्याळ लावून 'सातला दार' असं ठरवलं तर थंडीत तासभर अंधारात दार उघडं राहतं आणि रानमांजराला तेवढा वेळ भरपूर झाला. कोंबड्या स्वतःच ठरवतात. उजेड कमी व्हायला लागला की त्या एकेक करून आत जातात, थोडी ढकलाढकली करतात आणि दांडीवर बसतात. शेवटची बसली की मोजा आणि दार लावा. रोज मोजा, आकडा मोठ्याने म्हणा. मी अजून म्हणते. एक कमी भरली तर आधी झाडावर बघा. तरण्या कोंबड्यांना शेवग्यावर, आंब्यावर चढून बसायची खोड असते. अंधार पडू द्या, मग बॅटरी न मारता पंखांवरून दोन्ही हातांनी धरून खाली आणा. अंधारात ती भांडत नाही. लागोपाठ चार-पाच रात्री आत ठेवली की खोड जाते.

नवीन खुराडं झालं की त्यांना आठवडाभर आतच ठेवा, दाणापाणी आत. मग पहिले काही दिवस संध्याकाळी, मावळायच्या तासभर आधीच सोडा. लांब जायला वेळच मिळत नाही आणि घर कुठलं ते डोक्यात बसतं. मुख्य दाणा सकाळी देऊ नका, संध्याकाळी द्या. सकाळी पोट भरलं तर दिवसभर किडे-गवत शोधायला त्या फिरत नाहीत, आणि संध्याकाळी परत यायचं कारणही राहत नाही. मी एका पत्र्याच्या डब्यात कण्या ठेवते, तो खुळखुळवला की कुठे असतील तिथून धावत येतात. उरलेलं खाद्य रात्री आत राहू देऊ नका. त्या वासावर उंदीर येतो, उंदरामागून धामण येते. आणि उंदरांच्या मुतातून पावसाळ्यात लेप्टो होतो, तेव्हा खुराड्याभोवती साफसफाई करताना पायात गमबूट हवेतच.

दिवसा गेलेल्या पहिल्या कोंबडीबद्दल. पिसं एकाच जागी ढिगाने असतील तर एखाद्या शिकारी पक्ष्याने तिथेच बसून सोलली असेल. पिसांची रांग झुडपाकडे गेलेली असेल तर मुंगूस किंवा कुत्रा. मुंगूस दिवसा हिंडतं हे लक्षात ठेवा. उजाडताच ते बाहेर पडतं, म्हणून फटफटलं की दार उघडायची घाई नको, चांगलं ऊन पडू द्या. नाहीतरी बहुतेक अंडी सकाळीच पडतात. उशिरा सोडलं की ती खुराड्यातच मिळतात, झुडपात शोधत फिरावं लागत नाही.

परसात आसरा वाढवा. एखादी करवंदीची जाळी, तगर, नाहीतर वाकडी ठेवलेली जुनी खाटसुद्धा चालते. वरून सावली पडली की कोंबडीला दोन उड्यांत आत घुसता आलं पाहिजे. अगदी मोकळं, झाडून लख्ख केलेलं अंगण घारीला आणि शिक्र्याला फावतं. एक कोंबडा ठेवलात तर तो राखण करतो, वर काही दिसलं की असा लांब आवाज काढतो की सगळ्या जागच्या जागी गोठतात. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, आणि पहाटे चारला तो आरवणार, तेव्हा शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या. जात मात्र गावरानच ठेवा. गिरिराज, वनराज वजनाला आणि अंड्यांना जास्त, गावरान वर्षाला साठ-ऐंशी अंडीच देते, पण पळायचं कधी हे तिला कळतं. माझी तीन गिरिराज दिवसाढवळ्या गेली, त्याच अंगणात गावरान अजून फिरतायत.

मुंगसाला, उदमांजराला, सापाला फासा लावायचा किंवा विष घालायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि विष शेवटी शेजारच्या कुत्र्याच्या किंवा तुमच्याच कोंबडीच्या पोटात जातं. एक मारलं तर महिन्याभरात त्या जागी दुसरं येतं. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा.

रोगांचं थोडक्यात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस चुकवू नका, मानमोडी आली की अख्खी आळी रिकामी करते. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा-आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि एकदा पाणी घातलं की दोनेक तासांत संपवावी लागते. आम्ही पाच घरं मिळून एकच कुपी आणतो, थर्मासमध्ये बर्फ घालून, आणि एका सकाळी सगळीकडे फिरतो. तुम्हीही गावठाणात कोणाकोणाकडे आहेत ते विचारा. पावसाळ्यात तळाचा तूस ओला राहिला तर रक्ती हगवण लागते. दर दोन-तीन दिवसांनी तो वरखाली करा, भिजला तर काढूनच टाका. दांडीच्या फटीत गोचीड बसते, ती दिवसा दिसत नाही. रात्री बोट फिरवून बघा आणि वर्षातून दोनदा चुना लावा. आणि लागोपाठ कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर कापू नका, खाऊ नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2025च्या जानेवारीत उरणला चिरनेरमध्ये बर्ड फ्लू निघाला होता, तुमच्यापासून ते काही लांब नाही.

तुमच्या चार राहिल्यात. नवीन खुराडं तयार व्हायला पंधरा दिवस तरी जातील. तोवर त्या जुन्यात ठेवू नका. रात्री डालग्याखाली झाका, पण डालगं ओट्यावर नको, मोरीत किंवा बंद पडवीत ठेवा आणि दार लावून घ्या. नुसतं डालगं बाहेर ठेवलं तर मांजर ते उलटवतं. वरती पाटा ठेवलात तरी कुत्रा ढकलतो. जाळी आणायला जाल तेव्हा टेप बरोबर घ्या आणि दुकानातच भोक मोजा. अर्धा इंच म्हणून पाऊण इंची देतात, नजरेला फरक कळत नाही.