कॉलेजच्या आवाराचा पर्यावरण-हिशेब: वाचकांचे प्रश्न

वर्गातले 60 विद्यार्थी मिळून कॉलेजचे पर्यावरण परीक्षण करणार आहेत. सुरुवात कुठून करावी? (प्राध्यापिका, पंचवटी)

प्रश्नावलीपासून नको. आधी हद्द ठरवा. वसतिगृह धरणार का? कँटीन ठेकेदाराकडे असेल तर त्याचा गॅस कोणाच्या खात्यात? हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी तुलनाच होणार नाही. मग लेखा विभागातून सलग 12 महिन्यांची वीजबिले, पाणीपट्टी आणि जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या मिळवा. एका महिन्याचे बिल घेऊन बाराने गुणू नका. मे महिन्यात वर्ग रिकामे असतात आणि डिसेंबरात पंखे बंद. प्रत्येक आकड्यासमोर 'बिल', 'मोजमाप' की 'अंदाज' हे लिहिण्याची सक्ती करा. हा एक रकाना नीट भरायला लावला तरी निम्मे शिकवणे झाले.

महापालिकेच्या नळाला मीटर आहे, पण जास्त पाणी बोअरचे आणि त्याला मीटर नाही. कसे मोजायचे? (विद्यार्थी, नाशिक रोड)

गच्चीवरच्या टाकीची आतली लांबी-रुंदी घ्या. खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, पंप 10 मिनिटे चालवा आणि पाणी किती चढले ते पट्टीने पाहा. टाकी 3 मीटर बाय 2 मीटर असेल आणि पाणी 20 सेंटीमीटर चढले, तर ते 1.2 घनमीटर, म्हणजे 1,200 लिटर झाले. पंप मिनिटाला 120 लिटर देतो. आता पंप चालवणाऱ्या काकांकडे एक वही द्या आणि चालू-बंदच्या वेळा आठवडाभर लिहून घ्या. काळी गोल टाकी असेल तर मधल्या सरळ भागातच मोजा. वरचा निमुळता भाग फसवतो.

घोटाळा होतो तो जमिनीखालच्या टाकीपाशी. बोअर आणि नळ दोन्हींचे पाणी आधी तिथे पडत असेल, तर बोअरचा पंप आणि गच्चीवर पाणी चढवणारा पंप अशी दोन्ही मापे बेरजेत धरू नका. तेच पाणी दोनदा मोजले जाते. चढवणाऱ्या पंपाचे माप म्हणजे एकूण पाणी. त्यातून नळाच्या मीटरचा आकडा वजा केला की बोअरचे पाणी उरते.

गळती शोधायला सुट्टीची रात्र बरी. रात्री 9 वाजता गच्चीवरच्या टाकीत पातळीची खूण करा, पंप बंद ठेवा, सकाळी 6 वाजता पुन्हा पाहा. कोणीही नळ उघडलेला नसताना त्या 3 बाय 2 मीटरच्या टाकीत 5 सेंटीमीटर घट झाली, तर 300 लिटर पाणी वाया गेले. आधी संडासांच्या फ्लश टाक्या तपासा. टाकीत खायचा रंग घाला. फ्लश न दाबता पंधरा-वीस मिनिटांत भांड्यात रंग उतरला, तर आतला रबरी वॉशर गेला आहे. दुरुस्ती स्वस्त आहे, त्याच आठवड्यात करून घ्या.

सोलर बसवल्यापासून बिलातली युनिट्स बरीच घटली. विजेचा वापर कमी झाला असे अहवालात लिहावे का? (प्राध्यापक, सिन्नर)

नाही. सोलरची जी वीज आवारातच वापरली जाते, ती नेट मीटरमधून (महावितरणकडून घेतलेली आणि परत पाठवलेली वीज मोजणाऱ्या मीटरमधून) जातच नाही. खरा वापर असा काढा: महावितरणकडून घेतलेली युनिट्स, अधिक सोलरची निर्मिती, वजा परत पाठवलेली. समजा घेतली 6,000, निर्मिती 4,000 आणि परत पाठवली 1,500. तर वापर 8,500 झाला, पण बिलात निव्वळ 4,500 दिसतात. निर्मितीचा आकडा सोलरच्या मीटरवर किंवा इन्व्हर्टरवर मिळेल.

कार्बनच्या हिशेबासाठी ग्रिडच्या (महावितरणकडून येणाऱ्या) प्रत्येक युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा गुणक प्रसिद्ध करते. तो कोणत्या वर्षाचा आहे हेही लिहा. डिझेलला लिटरमागे सुमारे 2.7 किलो.

कचऱ्याचे वजन एकच दिवस केले तर चालेल का? (विद्यार्थिनी, ओझर)

चालणार नाही. सलग 7 दिवस, घंटागाडी येण्याआधी, रिकाम्या ड्रमचे वजन वजा करून मोजा. गॅदरिंगचा आठवडा वेगळा नोंदवा. हातमोजे हवेतच. प्रयोगशाळेतली रसायने विद्यार्थ्यांनी हाताळू नयेत. तिथली नोंदवही पाहणे पुरेसे. कँटीनमध्ये ताटातले उष्टे आणि भाजीचे देठ-साली यांचे डबे मात्र आवर्जून वेगळे ठेवा. देठांचे खत होते. उष्टे कमी करायचे तर वाढण्याचे प्रमाण बदलावे लागते. एकत्र मोजले तर कोणता उपाय करायचा तेच कळत नाही.

आवारातल्या झाडांनी साठवलेला कार्बन उत्सर्जनातून वजा करता येईल का? (प्राचार्य, दिंडोरी)

असे करू नका. झाडातला साठा त्याच्या आयुष्यभराचा असतो आणि उत्सर्जन एका वर्षाचे. फार तर वर्षभरातली वाढ वेगळ्या तक्त्यात दाखवा. त्यासाठी खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर मोजा, तिथे रंगाची खूण करा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच खुणेवर टेप लावा.