किल्ल्यावरची पाटी

"ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो. सासरे बहात्तर वर्षांचे, शाखेतले जुने कार्यकर्ते. २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि आमचं घरही. सासरे ठाकरेंचे मशालवाले, धाकटे दीर शिंदेंचे धनुष्यबाणवाले. दीर आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर असतात, जेवायला मात्र बऱ्याचदा खालीच. रात्री बातम्या लागल्या की सासरे त्यांना 'गद्दार' म्हणतात, दीर म्हणतात 'तुम्ही घरी बसा'. माझा मुलगा चौथीत आहे, तो मध्ये बसून ऐकतो. मागे त्याने स्टुलावर उभं राहून, खांद्यावर टॉवेल टाकून 'पन्नास खोके'ची घोषणा दिली होती. ह्यांनी व्हिडिओ काढला, सगळे खूप हसले. मीही माहेरच्या ग्रुपवर टाकला.

दरवर्षी काका-पुतण्या मिळून दिवाळीचा किल्ला करतात. यंदा दीर मातीचं पोतं घेऊन खाली आले, तर मुलाने पुठ्ठ्यावर स्केचपेनने पाटी लिहून लावली होती : 'गद्दारांना प्रवेश नाही'. दीर हसले. पोतं जिन्यात ठेवून वर गेले, आणि भाऊबीजेच्या फराळालाही खाली आले नाहीत. मुलगा विचारतो, काका का येत नाही? सासऱ्यांना सून काय बोलणार? काय करू?"

तुमचं पत्र वाचताना मला पहिल्यांदा हसू आलं, ते मीही कबूल करते. पाटी मस्तच आहे. पण तुमचा मुलगा विनोद करत नव्हता.

तो चौथीत आहे म्हणजे यंदा त्याला इतिहासाला शिवछत्रपती आहेत. त्याच्या लेखी गद्दार म्हणजे फितूर. रात्री शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देतो तो. आजोबा ज्याला रोज गद्दार म्हणतात त्याला किल्ल्यावर कोण घेईल? तुमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ गांभीर्याने घेणारा हा एकटाच निघाला. बाकी सगळ्यांना तो आमटीतल्या फोडणीसारखा झालाय, चरचरला की संपलं. सासरे गद्दार म्हणतात आणि पाच मिनिटांनी त्याच दिरांना 'भात घे अजून' म्हणतात, हो ना? मोठ्यांना कळतं की ही बोलण्याची रीत आहे, खालचा भात खरा. मुलाला हे दोन थर वेगळे काढता येत नाहीत. त्याला शब्द मिळाला, त्याने तो वापरला.

आता थोडं तुमच्याबद्दल. पत्रात सगळा रोख सासऱ्यांवर आहे, आणि ते एक छोटं वाक्य तुम्ही घाईत उरकलंत : "मीही माहेरच्या ग्रुपवर टाकला." मला ते वाक्य सासऱ्यांच्या 'गद्दार'पेक्षा जास्त टोचलं. सासरे निदान स्वतःच्या तोंडाने बोलतात. तुम्ही नवरा-बायकोने मुलाच्या तोंडून बोलून घेतलंत. ती घोषणा २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर दिली. फुटलेल्या आमदारांनी पन्नास खोके, म्हणजे पन्नास कोटी घेतले, हा मोठ्या माणसांचा मोठ्या माणसांवरचा आरोप. तो खरा की खोटा, हा माझ्या सदराचा विषय नाही. पण खोका म्हणजे काय हेही त्या पोराला माहीत नसणार. त्याला एवढंच कळलं, की हे म्हटलं की आई हसते, बाबा मोबाइल काढतात. मग त्याने पुढचा शब्दही उचलला, आणि या वेळी कोणीच हसलं नाही. बिचारा गोंधळला नसता तरच नवल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना बजावलं होतं की प्रचारात मुलांना कुठल्याही प्रकारे वापरायचं नाही. मुलाला कडेवर घेऊन फिरायचं नाही, घोषणा द्यायला लावायच्या नाहीत, गाणी-कविता म्हणायला लावायच्या नाहीत. आईबापांबरोबर पोर नुसतं नेत्याच्या आसपास असलं तर हरकत नाही, पण त्याला कामाला लावायचं नाही. तुमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाला हा नियम लागत नाही. पण पक्षांना जे करू देत नाहीत ते आपण घरात हौसेने करतो, आणि वर त्यावर हसण्याच्या इमोजी गोळा करतो.

सासऱ्यांशी तुम्ही बोलू नका. सून सांगायला गेली की विषय मुलाचा राहत नाही, 'आता मला घरात बोलायचीही चोरी' हा होतो. त्यांच्या मुलाने बोलावं, म्हणजे तुमच्या नवऱ्याने. टीव्हीसमोर नाही, सकाळी ते फिरायला किंवा दूध आणायला जातात तेव्हा बरोबर जाऊन. आणि राजकारण बोलू नका असं मुळीच सांगायचं नाही. बहात्तरचे आहेत म्हणजे लोकसभेला पहिलं मत त्यांनी १९७७ ला दिलं असणार, आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत. तेव्हा मताचं वय एकवीस होतं, अठरा झालं ते १९८९ ला. शाखेतले जुने कार्यकर्ते, म्हणजे रात्री-अपरात्री कोणासाठी ॲम्ब्युलन्स शोधलेली असेल, नळाच्या पाण्यासाठी पालिकेत खेटे घातलेले असतील. हे नातवाला सांगायला हवं. दिरांनीही आपली बाजू सांगावी, त्यांना ती बाजू का पटली ते. मुलाने दोन्ही ऐकावं. नवऱ्याने वडिलांकडे मागायचं एकच : पोरासमोर धाकट्याला तो शब्द नको. दिरांकडेही तेच, 'घरी बसा' बंद. टोमणे मारल्याशिवाय जेवण पचत नसेल तर पोर झोपल्यावर मारा, माझी ना नाही.

व्हिडिओ काढून टाका. ह्यांच्या ग्रुपवरून, तुमच्या माहेरच्या ग्रुपवरून, आणि ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनाही सांगा. 'अगं किती गोड आहे, राहू दे की' म्हणणारी एखादी मावशी निघेलच. तिला सांगा, गोड आहे म्हणूनच. हाच मुलगा उद्या सोळा वर्षांचा होईल, कदाचित काकांच्या पक्षाचा होईल, कदाचित तिसऱ्याच कुठल्या.

मुलाला रागावू नका, आणि काकांची माफी मागायला एकट्याला वर पाठवू नका. आजोबांनी त्याला बरोबर घेऊन वर जावं आणि त्याच्यासमोर दिरांना म्हणावं, की मी रागाच्या भरात म्हणतो, तू काही गद्दार नाहीस, तू माझा मुलगा आहेस. सासऱ्यांना हे जड जाईल, त्या पिढीच्या पुरुषांच्या तोंडून असलं वाक्य निघणं कठीणच. वाक्य नाही निघालं तर निदान त्यांनी दिरांच्या घरी बसून चहा प्यावा, नातू शेजारी बसलेला असताना. भांडण त्याने पाहिलं, तर समेटही पाहू दे. आपल्या घरांत भांडण होतं दिवाणखान्यात आणि मिटतं पोरं झोपल्यावर.

'काका का येत नाही' याचं उत्तर मात्र तुम्ही आजच द्या. "तू पाटी लावलीस म्हणून" असं सांगू नका. "आम्ही मोठ्यांनी तुझ्यासमोर एक वाईट शब्द वापरला, तो तुला खरा वाटला, काकांना लागला. चूक आमची." एवढं पुरे. त्यावर तो दहा प्रश्न विचारेल. विचारू द्या.

आणि तुळशीचं लग्न व्हायचंय, तोवर किल्ला मोडू नका. पोतं अजून जिन्यातच असेल, त्यात माती आहे.