पगार सहाव्या वर्षी सारखे, मग कमाई अकराव्या वर्षी का?

प्रश्न : माझी मुलगी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात दरमहा १८,००० रुपयांवर लागली असून तिला दरवर्षी १,००० रुपयांची पगारवाढ ठरली आहे. त्याच महिन्यात मुलगा कळंगुटच्या एका हॉटेलात १५,००० रुपयांवर रुजू झाला. त्याची वार्षिक वाढ १,६०० रुपये आहे. सहाव्या वर्षी आपण ताईला गाठणार, असे मुलगा म्हणतो. तोवर आपण लाखाहून जास्त रुपये अधिक मिळवलेले असतील, असे मुलगी म्हणते. कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : दोघांचेही खरे आहे. मुलगा महिन्याच्या पगाराविषयी बोलतो आहे आणि मुलगी नोकरी लागल्यापासूनच्या एकूण कमाईविषयी.

नोकरीचे वर्ष ‘न’ मानल्यास त्या वर्षी मुलीचा पगार १७,००० + १,०००न आणि मुलाचा १३,४०० + १,६००न होतो. ही दोन पदे समान मांडली की ६००न = ३,६००, म्हणजे न = ६ मिळते आणि त्या वर्षी दोघांनाही दरमहा २३,००० रुपये मिळतात. शिकवणीला येणारी बहुतेक मुले इथेच वही मिटतात.

परंतु पहिल्या वर्षी मुलीला दरमहा ३,००० रुपये जास्त मिळाले, दुसऱ्या वर्षी २,४००, मग १,८००, १,२०० आणि पाचव्या वर्षी ६००. यांची बेरीज ९,००० रुपये. तिला बारा महिन्यांनी गुणले की १,०८,००० रुपये होतात. सहाव्या वर्षी ही आघाडी वाढत नाही की घटत नाही. ती फिटायला सुरुवात होते सातव्या वर्षी, आणि तीही दरमहा अवघ्या ६०० रुपयांनी, त्यामुळे पाच वर्षांत साचलेला फरक फेडायला पुढची पाच वर्षे लागतात. न वर्षांअखेरचा एकूण फरक ३,६०० × न × (११ − न) इतका येतो. तो न = ० आणि न = ११ या दोन ठिकाणी शून्य होतो; पैकी शून्याचे उत्तर चुकीचे म्हणून खोडू नये, कारण रुजू होण्यापूर्वी दोघांचीही कमाई खरोखरच शून्य होती.

हेच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील रीतीने अधिक झटकन दिसते. श्रेढीचे, म्हणजे ठरावीक फरकाने वाढत जाणाऱ्या संख्यांच्या मालिकेचे, सर्वधन (एकूण बेरीज) म्हणजे मध्यधन (मधले पद) गुणिले पदांची संख्या. अकरा वर्षांतले मधले वर्ष सहावे, त्या वर्षीचा पगार दोघांचा सारखा, म्हणून अकरा वर्षांची कमाईही सारखीच असली पाहिजे : प्रत्येकी २३,००० × १२ × ११, म्हणजे ३०,३६,००० रुपये. वर्गसमीकरणाच्या वाटेला न जाता उत्तर मिळते, म्हणून आम्हांला ही रीत अधिक आवडते.

अर्थात हा हिशेब वाढ ठरावीक रुपयांत मिळते तोवरच लागू आहे. टक्केवारीने मिळत असेल तर पगार भूमितीय श्रेढीने, म्हणजे दरवर्षी सारख्याच पटीने, वाढतो आणि सगळी मांडणी बदलते. हॉटेलातील पगारात सर्व्हिस चार्ज धरलेला असेल, तर पावसाळ्यात तो किती उतरतो, हेही मुलाला विचारून घ्यावे.

मुलगी डिचोलीहून रोज बसने जाते आणि मुलाला राहायची खोली हॉटेलच देते, असे असल्यास तो खर्चही समीकरणात आणावा लागेल. बसभाडे महिन्याला १,००० रुपये धरले, तर सुरुवातीचा फरक २,००० रुपयांवर येतो आणि सातव्या वर्षाअखेर मुलीकडे १६,८०० रुपयांचीच आघाडी उरते. आठव्या वर्षी मुलाला दरमहा २,२०० रुपये जास्त मिळतात. सात महिन्यांत त्यांतले १५,४०० फिटतात आणि आठव्या महिन्याचा पगार हाती पडला की तो ८०० रुपयांनी पुढे जातो.